सुटलेल्या गुलामाची मागची गोष्ट

गुलामाची गोष्ट पहिल्यांदा मालकच लिहितो. वहीत लिहितो. नाव, वय, किंमत. पेशवाईच्या कागदांत कुणबिणी अशाच भेटतात. कुणबीण म्हंजे इथं कुणब्याची बायको नव्हे, विकत घेतलेली दासी. तिच्या पोटचं पोरही मालकाचंच. तिला काय आठवत होतं, दळताना ती कुणाचं नाव घेत होती, याला त्या वहीत रकाना नाही. तिकडं अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस नावाचा गुलाम लिहायला शिकला, पळाला, १८४५ साली त्यानं स्वतःची कहाणी छापली. त्यात सुरुवातीलाच तो सांगतो की मला माझी जन्मतारीख ठाऊक नाही. घोड्याला आपलं वय ठाऊक नसतं, तसं गुलामालाही नसतं. मालकांना तेच हवं असतं.

म्हणून सुटलेल्या गुलामाची मागची गोष्ट लिहायची म्हंजे मालकाच्या वहीत नसलेलं लिहायचं. हे एवढं सोपं वाक्य मला एका खेळापायी सुचलं. हसू नका, खेळापायीच.

माझा मामेभाऊ पनवेलला कॉलेजात आहे. चार पोरांत खोली घेऊन राहतो. शनिवारी रोह्याच्या गाडीनं कासूला येतो. कासू म्हंजे पेण आणि नागोठण्याच्या मधलं आमचं स्टेशन. मुंबई-गोवा हायवे रुंद करायच्या कामाचे तुकडे पाडले, 'पनवेल ते कासू' आणि 'कासू ते इंदापूर'. पेपरात आमचं गाव आलं ते असं, ठेकेदाराच्या हद्दीची खूण म्हणून. तर हा पोरगा एका शनिवारी कागद घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, तू कवी ना? मला एक मागची गोष्ट लिहून दे."

तो खेळ असा. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, राजे, राक्षस, भुयारं, जादू. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतात. तू दरवाजा फोडतोस का, पळतोस का, तहाला बसतोस का, हे आपण सांगायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचं मूळ नाव, १९७४ साली अमेरिकेत निघाला. आपल्याकडं शिमग्यात सोंगं घेतात तसंच हे, फक्त सोंगाला कुणी विचारत नाही की बाबा तू आलास कुठनं. इथं विचारतात. प्रत्येक पात्राला मागची गोष्ट लागते. छापील पुस्तकात तयार साचे आहेत, सैनिक, सरदार, गुन्हेगार, मठातला सेवक. माझ्या भावानं त्यातलं काहीच घेतलं नाही. त्यानं सुटलेला गुलाम घेतला.

त्यानं स्वतः लिहिलेला मजकूर सहा ओळींचा होता. नाव रक्तदंत. आईबाप मालकानं डोळ्यांदेखत मारले. पाठीवर चाबकाचे वळ. एका रात्री साखळी तोडली, मालकाचा गळा चिरला, पळाला. आता तो कुणावर विश्वास ठेवत नाही. खाली सहा गुणांचे आकडे. शक्ती १८, बुद्धी ८.

मी म्हटलं, "हा माणूस आहे की जखम?"

तो गप्प बसला. मग म्हणाला, "सगळे असंच लिहितात, दादा."

सगळे असंच लिहितात हे खरंच आहे. साखळी, चाबूक, मेलेले आईबाप, सूड. या सहा ओळींत मालक चार वेळा येतो. गुलाम येतो तो फक्त मार खायला आणि सुरा चालवायला. दुसरा प्रकार याहून वाईट. २०२२ साली हा खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं एक पुस्तक छापलं. त्यात माकडासारख्या दिसणाऱ्या एका जमातीची मागची गोष्ट होती. एका जादूगारानं त्यांना पकडलं, औषध पाजून अक्कल दिली, सैन्य करून विकायचा बेत केला. मग त्याच्याच चेल्यांनी त्यांना सोडवलं. म्हंजे बघा, अक्कल दिली मालकानं, सुटकाही आली मालकाच्याच घरातनं. यांनी फक्त आभार मानायचे! खेळणाऱ्यांनीच बोंब मारली की काळ्या माणसाला माकड म्हणायची जुनी खोड ही. कंपनीला माफी मागून तो मजकूर काढावा लागला.

हैतीचे गुलाम १७९१ साली उठले आणि १८०४ साली त्यांनी स्वतःचं राष्ट्र उभं केलं. त्यांना कुणी औषध पाजलं नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त सलली ती बुद्धी ८. पोरं फाशांवर आलेले आकडे आपल्या मर्जीनं वाटून घेतात. तीन ते अठरा. माझ्या भावानं, बौद्धवाडीतल्या पोरानं, गुलामाला आपल्या हातानं ताकद अठरा दिली आणि अक्कल आठ. त्याला वाटलं, राबणारा म्हंजे असाच असणार. हे त्याला कुणी शिकवलं? कुणी नाही. हवेतनंच येतं ते. मी त्याला विचारलं, "मालकाच्या पावलाच्या आवाजावरनं आज मार आहे की नाही हे ज्याला कळतं, कोठारातलं धान्य किती दिवस पुरेल हे ज्याला मालकाच्या आधी कळतं, त्याची बुद्धी आठ? मालकाची किती मग?"

तेव्हा मी त्याला मलिक अंबर सांगितला. शाळेच्या पुस्तकात तो एका ओळीत येतो नि जातो. १५४८ च्या सुमाराला इथिओपियात जन्मला. चापू हे त्याचं पहिलं नाव. लहानपणीच विकला गेला. मोखा, बगदाद, असा हातोहात. बगदादच्या मालकानं त्याचं नाव अंबर ठेवलं. मग दख्खन. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानं त्याला विकत घेतलं. आणि हा चंगीझखानही एके काळी हबशी गुलामच. गुलामानं विकत घेतलेला गुलाम! चंगीझखान मेल्यावर त्याच्या विधवेनं अंबरला मोकळं केलं. पुढं १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला तरी यानं निजामशाही उभी ठेवली. १६१० मध्ये खडकी वसवली, तीच नंतरची औरंगाबाद, आताची छत्रपती संभाजीनगर. तिथं नहरीनं पाणी आणलं. जमीन मोजून, पिकाचा कस बघून सारा बसवायची पद्धत घातली. मराठे घोडेस्वार हाताशी धरून गनिमी काव्यानं मोगलांना दमवलं. १६२४ ला भातवडीची लढाई जिंकली, शहाजीराजे तेव्हा त्याच्या बाजूनं लढले. १६२६ मध्ये मेला. खुलताबादला त्याची कबर आहे.

जहांगीर बादशहाला तो जन्मभर हाती लागला नाही. मग जहांगीरनं चित्र काढवून घेतलं. भाल्यावर मलिक अंबरचं कापलेलं मुंडकं आणि बादशहा त्यावर बाण सोडतोय. म्हंजे सोंगाचा खेळ बादशहाही खेळत होता. खऱ्यात जमलं नाही ते कागदावर. त्या चित्रात अंबर फक्त मुंडकं आहे. त्याची नहर नाही, मोजलेली जमीन नाही.

भाऊ म्हणाला, "मग बुद्धी सोळा करतो." मी म्हटलं, "कर. पण ती कशात आहे ते लिही."

मग नावावर आलो. अंबर म्हंजे सुगंधी द्रव्य. गुलामांना अशीच नावं ठेवायची रीत होती. याकूत म्हंजे माणिक. काफूर म्हंजे कापूर. अलाउद्दीन खिलजीचा मलिक काफूर, त्याला तर 'हजारदिनारी' म्हणत, हजार दिनारांना घेतलेला. किंमतच पदवी झाली. मालकांनी विकत घेतलेल्याला अत्तराचं नाव दिलं. आणि आमच्या वाडवडलांची नावं बघा. दगडू, धोंडू, कचरू. कुणी म्हणेल पोर जगावं, दृष्ट लागू नये म्हणून आईबापच असं ठेवायचे. ठेवायचे, खरंय. पण गावाला ती नावं फार सोयीची पडली. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं, त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाची दोन नावं समोरासमोर बसतात. त्या पुस्तकापासून पुढं आम्हाला मागची गोष्ट लिहायचा रस्ता मिळाला. वाचणाऱ्यांतल्या काहींनी मात्र त्यातल्या फक्त जखमा मोजल्या. अरेरे म्हटलं आणि पुस्तक मिटलं.

म्हणून रक्तदंत नाव मी खोडलं. ते नाव बघणाऱ्याला भ्यायला मजा यावी म्हणून आहे. सुटलेल्या माणसाला निदान दोन नावं असतात, एक मालकानं हाक मारायचं आणि एक आईनं अंधारात घेतलेलं. तिसरं त्यानं स्वतः निवडलेलं. डग्लस हे आडनावही निवडलेलंच, पळून आल्यावर घेतलेलं. १९५६ नंतर आमच्या किती घरांनी नावं बदलली! शाळेच्या दाखल्यावरचा कचरू पोराच्या लग्नपत्रिकेत दुसराच कुणी झाला. त्याला कुणी खोटं म्हणू नये. तो त्याच्या मागच्या गोष्टीचा दुसरा खर्डा होता.

आईबाप डोळ्यांदेखत मारले, हेही मी खोडलं. मेलेले आईबाप लिहिणाऱ्याला सोयीचे. पुन्हा त्यांचं काही लिहावं लागत नाही. डग्लसची आई बारा मैलांवरच्या दुसऱ्या मळ्यावर राबायची. दिवसभराचं काम उरकून रात्री पायी चालत यायची, पोराजवळ पडायची, त्याला झोपवायची, आणि तो उठायच्या आत परत गेलेली असायची. सगळ्या जन्मात चार-पाच वेळाच त्यानं तिला पाहिलं. हातात चाबूक असलेला मालक एका बाजूला ठेवा आणि रात्रीची ही चाल दुसऱ्या बाजूला. मला विचाराल तर गुलामगिरी काय असते ते मला त्या चालीतनं जास्त कळतं. आणि माणूस काय असतो तेही.

एवढं होईस्तोवर आजी बाजूला सुकट निवडत बसली होती. तिला वाटलं आम्ही गावातल्याच कुणाबद्दल बोलतोय. तिनं मान वर न करता विचारलं, "सुटला तवा पयलं काय खाल्लान?"

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. सहा ओळींत हे नव्हतं. डोक्यातही नव्हतं.

आजीनं लहानपणी महारकी पाहिलेली. गावची दवंडी, ढोर ओढणं, आणि बदल्यात दारोदार फिरून मागितलेली भाकर. कायद्यानं ते वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं, पण आजीच्या घरात ते त्याआधीच गेलं, तिच्या बापानं भाकर मागायला जायचं नाही असं ठरवलं त्या रात्री. "मंग काय खाल्लंत?" मी विचारलं. "कन्यांची पेज. मीठ नव्हता. पन बाबा मांडी घालून बसला होता." एवढं बोलून ती पुन्हा सुकटीकडं वळली.

मांडी घालून बसला होता. मित्रहो, मला ही ओळ सुचली नसती. साखळी तोडण्याची कविता मी दहा वेळा लिहिली असती.

आमच्याच जिल्ह्यात महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायलं. ते काय तहानेपोटी? हजारो माणसं त्यांच्या मागोमाग तळ्यावर उतरली. सुटका म्हंजे कुणाला न विचारता केलेली पहिली गोष्ट. ती केवढी छोटी असते बघा. ओंजळभर पाणी. मांडी घालून प्यायलेली पेज. आमच्या भात गिरणीत पोती वाहायला एक कातकरी येतो. पावसाळा संपला की इकडचे किती कातकरी उचल घेऊन वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात, नवरा-बायको-पोरं सगळीच, आणि हंगाम संपला तरी उचल फिटत नाही. वेठबिगारीच्या बंदीचा कायदा १९७६ चा आहे. याची उचल एका वर्षी फिटली. पहिल्या दिवशी काय केलंस विचारलं तर म्हणाला, ऊन अंगावर येईस्तोवर झोपलो. कुणी हाक मारली नाय.

कागदानं सुटका होते, नाही असं नाही. १८४३ च्या कायद्यानं कंपनी सरकारनं गुलामी मानायचं सोडलं. खोती जावी म्हणून बाबासाहेबांनी १९३७ साली विधेयक आणलं, चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं संप केला, आणि खोती कायद्यानं गेली १९४९ ला. कागदाच्या आधी माणसं सुटायला लागलेली असतात, आणि कागदानंतरही बराच काळ सुटतच असतात. म्हणून 'एका रात्री साखळी तोडली' हे मला पटत नाही.

पण खरा पेच वेगळाच होता. रात्री भाऊ ओट्यावर आला. म्हणाला, "दादा, खोलीतल्या पोरांना माझं अजून ठाऊक नाय. आडनावावरनं कळत नाय त्यांना. हे आजीचं वगैरे लिहिलं तर कळंल." मी म्हटलं, "मग गुलाम कशाला घेतलास?" बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "तिथं पात्राला विचारतात ना, तू कुठनं आलास. मला कुणी विचारत नाय. विचारलं तर मी पेण सांगतो."

याचं उत्तर देणं सोपं नव्हतं. सांग म्हणून टाकणं सोपं, खोली त्याला सोडावी लागणार, मला नाही. आजीची पेज वेफर्सच्या पुड्याशेजारी मांडावी का? त्या पोरांनी अरेरे म्हणावं का? मला ते नको होतं. मी त्याला एवढंच म्हटलं की जखम देऊ नकोस. जखम बघायला माणसं जमतात आणि बघून जातात. तुझ्या गुलामाला जे येतं ते दे. त्याचं ज्ञान दे, त्याची माणसं दे. तू कोण हे कधी सांगायचं ते तू ठरव, पण पात्राला खोटं बोलायला लावू नकोस.

मग गिरणीच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर मी लिहिलं ते असं:

"मालक याला खारू म्हणत, कारण हा मिठागरावर जन्मला. आईनं ठेवलेलं नाव हा अजून कुणाला सांगत नाही. ज्याच्याबरोबर एका ताटात जेवेल त्याला सांगेल. पाण्याकडं न बघता, नुसत्या वाऱ्यावरनं, भरती कधी येणार हे याला कळतं. बांध कुठं कच्चा आहे ते पायाला कळतं. मालकाची वही त्याला वाचता येत नव्हती, पण कुठल्या पानावर माणसं आहेत आणि कुठल्या पानावर मीठ, हे माहीत होतं, कारण माणसांचं पान उघडताना मालक थुंकी लावायचा.

"हा एकटा सुटला नाही. अकरा जण होते. एक म्हातारी सात वर्षं उधाणाच्या तारखा तोंडपाठ करून ठेवत होती. मोठ्या उधाणाच्या रात्री त्यांनी बांध आतून फोडला. मीठ वाहून गेलं. वहीही गेली. सकाळी मालक जिवंत होता, पण कोण कुणाचं ते सांगायला त्याच्याकडं कागद नव्हता.

"नऊ जण पलीकडं पोचले. म्हातारी पोचली नाही. एक बहीण मागं राहिली, दुसऱ्या आगरावर विकली गेलेली. हा भुयारांत उतरतो, सोनं शोधतो, ते तिच्यासाठी. सोनं मिळालं की लोक याला म्हणतील, तूही एक माणूस विकत घे, कामाला होईल. तेव्हा हा काय करतो ते खेळात बघावं.

"सुटल्यावर पहिल्यांदा यानं गोड्या पाण्याच्या विहिरीवर कुणाला न विचारता पोहरा सोडला. पाणी प्यायला. मग तिथंच बसला. मांडी घालून."

भावानं ते दोनदा वाचलं. बुद्धी सोळा केली, शक्ती बारावर आणली. तग मात्र अठरा ठेवला, त्याला मी हरकत घेतली नाही. पोरांनी स्वतः आखलेल्या त्या कागदावर तळाशी एक रकाना उरला होता, देव. "इथं काय लिहू?" त्यानं विचारलं. "त्यांच्याकडं समुद्राचा देव आहे, युद्धाचा आहे, मिठागरवाल्याला समुद्राचा चालंल."

मी म्हटलं, त्या देवानं इतकी वर्षं मालकाचं मीठ पिकवलं. रकाना मोकळा ठेव. विचारलं तर सांग, अजून ठरवतोय.